वॉल्टरचं मूळ गाव

हे मी प्रकाशलासुद्धा सांगितलेलं नाही. प्रकाश म्हणजे माझा नवरा, आणि माझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी ख्याती आहे. आमटीत मीठ जास्त पडलं तर पाहुणे पानावर बसायच्या आत मीच सांगून मोकळी होते. पण हे राहिलं. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या त्या घरात राहिलं, तिथून सामानाबरोबर पार्सिपनीला आलं, आणि मुलं मोठी होऊन आपापल्या घरी गेली तरी राहिलंच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही एडनाला ओळखत नव्हता म्हणून असेल. वॉल्टरला ओळखत नव्हता म्हणून असेल. किंवा — जाऊ दे. बसलेच आहे तर सांगते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचं लग्न नवं होतं. प्रकाश तिथे इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करत होता आणि मी त्याची बायको — बस, एवढीच माझी ओळख. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. पुण्यात मी जर्मन शिकवत होते, वर्गभर पोरं माझ्या नावाने चळाचळा कापायची. आणि इथे दिवसभर माझ्याशी बोलायला कोण, तर फ्रिज. तो निदान गुरगुरायचा तरी. प्रकाश सकाळी लॅबला जायचा, जेवायला यायचा, परत लॅब. शनिवारी लॅब, रविवारी लॅब. "नलू, यार, हे सेमिस्टर जाऊ दे, मग आपण फिरू," असं म्हणायचा बिचारा. पुण्याला फोन म्हणजे चैन होती. त्यातही माझा धाकटा भाऊ अनंता लाइनवर आला की निम्मा वेळ "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" यातच जायचा, आणि उरलेल्यात मी रडायला लागायचे.

आम्ही एडना केलरच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. ती खाली. सत्तरी ओलांडलेली, लग्न न केलेली, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली बाई. उंच, हाडापेराने मजबूत, बर्फ स्वतः फावड्याने काढायची. मनातल्या मनात मी तिला एडनामावशी म्हणायचे. तोंडाने नुसतं एडना, कारण तिथे सगळे सगळ्यांना नावानेच; आणि ती मला नलूऐवजी नॅली म्हणायची. पहिल्याच आठवड्यात तिने मला खाली कॉफीला बोलावलं, आणि मी काय विचारावं? "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

आपली सवयच ती. नाव कळलं की पुढचा प्रश्न गावाचा. ती हसली, म्हणाली, इथलीच, या घरातच जन्मले. मी म्हटलं, ते झालं हो, पण मूळ गाव? तुमच्या लोकांचं? तिने माझ्या कपात आणखी कॉफी ओतली. मग म्हणाली, हा प्रश्न माझा भाऊ जन्मभर विचारतोय.

तेव्हा सुरुवात कोणी केली, हे लक्षात ठेवा. मीच.

भाऊ म्हणजे वॉल्टर. तिच्यापेक्षा बराच मोठा, बायको गेलेली, मूलबाळ नाही, तासाभरावरच्या गावात एका नर्सिंग होममध्ये होता. या दोघांचे आजोबा लहानपणी आईबरोबर जर्मनीतून आले होते. वुर्टेम्बर्गमधून, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं; आजोबांचं आणि त्यांच्या आईचं नाव, बापाचा धंदा, आल्याचं सालही. त्या भागातली पुष्कळ माणसं ॲन आर्बरच्या आसपास येऊन राहिलेली आहेत. पण वुर्टेम्बर्ग म्हणजे काय गाव आहे? ते म्हणजे नुसतं "कोकणातले" म्हणण्यासारखं झालं. कोकणात कुठे? वॉल्टर लहान असताना आजोबांच्या मांडीवर बसून ऐकायचा — चर्चसमोर दगडी हौद होता, घोडे पाणी प्यायचे, आणि आजोबा एका रविवारी नव्या कपड्यांनिशी त्यात पडले होते. गावाचं नाव काय, असं वॉल्टर विचारायचा. आजोबा म्हणायचे, मोठा हो, तुला घेऊनच जातो. आणि मग आजोबा गेले. पहिल्या महायुद्धात शेजाऱ्यांना जर्मन बोलणं खपेना, म्हणून घरातली जर्मनही बंद झाली. वॉल्टरलाच एक शब्द आला नाही, तर एडनाला कुठून येणार?

आणि वरच्या मजल्यावर मी. पुण्याची, जर्मन येणारी, रिकामी.

माझ्या गुरुजींनी आम्हाला जुनं हातानं लिहिलेलं जर्मन वाचायला शिकवलं होतं, हौस म्हणून. इतरांना ते जमलं नाही, मला जमलं. माझे वडील सरकारी दप्तरात मोडी वाचायचे, त्यांच्या शेजारी बसून मीही थोडं वाचायचे. हात न उचलता लिहिलेली अक्षरं — एकदा नजर बसली की दोन्हीकडे सारखंच. एडनाला हे कळलं तेव्हा तिने कॉफीचा कप खाली ठेवला आणि माझे दोन्ही हात धरले. कोणी माझे हात धरून कितीतरी दिवस झाले होते.

तेव्हापासून आमचे शनिवार सुरू झाले.

त्या शनिवारांचं तुम्हाला कसं सांगू? एडनाची गाडी म्हणजे जहाज. त्यातून आम्ही शेजारच्या शहरात एका चर्चच्या तळघरात जायचो. तिथे लायब्ररी होती. आजोबांच्या काळी जर्मनीतून बाहेर पडायचं तर सरकारकडे रीतसर अर्ज करावा लागायचा. कोण जातंय, कुठल्या गावचं, बरोबर कोण, कोणाचं देणं तर मागे राहिलं नाही ना — सगळं लिहिलेलं. त्या जुन्या कागदांचे फोटो काढलेली फिल्मची रिळं असायची. आपण रीळ मागवायचं, ते दुसऱ्या राज्यातून काही आठवड्यांच्या मुदतीवर टपालाने यायचं, मग यंत्रावर चढवायचं आणि हाताने दांडी फिरवत बसायचं. खाली पांढऱ्या फळीवर पानं सरकत जायची. एका जिल्ह्याचं एक रीळ, कधी दोन. मी वाचायचे, एडना शेजारी बसून पेन्सिलीला टोक करायची. मी एखादं नाव वाचून दाखवलं की ती ते पुन्हा म्हणायची, चुकीचं.

मग जेवण. रस्त्यातल्या एका हॉटेलात मी चीज सँडविच, ती सूप, आणि दोघींत एक ॲपल पाय. त्याच्या कव्हरमध्ये डुकराची चरबी असते हे मला फार उशिरा कळलं. तीही कबुली हवी तर यातच धरा. मग येताना एका बंद पडलेल्या दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये ती मला ड्रायव्हिंग शिकवायची. मी ब्रेक दाबला की दोघी पुढे आदळायचो आणि ती म्हणायची, "गुड, आता गाडी थांबते एवढं तरी कळलं." मी हसायचे. अहो, पोट धरून हसायचे. सोमवार ते शुक्रवार मी नुसती शनिवारची वाट बघायचे. शुक्रवारी केस धुवायचे. नवऱ्याबरोबर बाहेर जायचं असावं तशी.

ती माझी आई नव्हती, मावशी नव्हती, मैत्रीणही नव्हती म्हणा. पण मी आहे, हे त्या गावात तिला एकटीला माहीत होतं. हे मी उगाच लांबण लावत नाहीये. की लावतेय? असेल. पुढचं सांगायचं म्हटलं की जीभ जड होते.

ऑक्टोबर होता. रस्त्यावर पानांचा खच पडला होता. त्या दिवशी नवं रीळ आलेलं. एडना वर कोणाशी तरी बोलायला गेली आणि मी एकटी यंत्रापाशी. दांडी फिरवतेय, फिरवतेय, आणि पान समोर आलं. केलर, ॲना मारिया, विधवा. नवरा पिंपं बनवणारा, वारलेला. बरोबर मुलगा योहान गेऑर्ग, वय नऊ. जाणार उत्तर अमेरिकेला. आईचं नाव तेच, आजोबांचं नाव तेच, बापाचा धंदा तोच, साल तेच. आणि गाव — उंटरलाउबाख.

मी उठून उभी राहिले. खरंच उभी राहिले. एडनाला हाक मारायला तोंड उघडलं. आणि माझ्या मनात आलं — म्हणजे पुढच्या शनिवारी काय?

बस, एवढंच आलं. काही वाईट नव्हतं हो माझ्या मनात. पुढच्या शनिवारी मी काय करणार, एवढंच. पुढे डिसेंबर, जानेवारी. ती मिशिगनची थंडी, चार वाजता काळोख, आणि मी आणि फ्रिज. गाव सापडलं की ही बाई थँक्यू म्हणेल, केक आणून देईल, आणि खालचं दार लावून घेईल. का लावून घेईल? तिने कधी लावलं होतं का? पण मला तसंच वाटलं. जिन्यावर तिची पावलं वाजली आणि माझ्या हाताने दांडी फिरवली. पान पुढे गेलं. आणखी फिरवली.

तिने विचारलं, काही आहे का? मी म्हटलं, नाही.

त्या आठवड्यात रोज मी स्वतःला सांगत होते, येत्या शनिवारी सांगू. आता सांगायला गंमत येईल, असंसुद्धा म्हणत होते. तिला सरप्राइज देऊ! आणि शनिवार आला की सूप, पाय, पार्किंग लॉट. म्हटलं, आजचा एक होऊन जाऊ दे. मग मीच पुढची रिळं मागवायला लागले, ज्यात काही नाही हे मला पक्कं ठाऊक होतं अशी. आणि ती मन लावून वाचायचे! भुवया आकसून, मान वाकडी करून. एडना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, दमली असशील. या नाटकाची मला लाज वाटायची, आणि तो हात खांद्यावरून निघू नये असंही वाटायचं.

मग दिवाळी आली. भाऊबीज. अनंता पुण्यात, मी इथे. मी खाली बसून नाक ओढत एडनाला भाऊबीज म्हणजे काय ते सांगितलं, तर ती एकदम उठलीच. म्हणे, मलाही भाऊ आहे, चल. मी स्टीलचं ताट घेतलं, कुंकू, अक्षता, सुपारी नाही म्हणून अक्रोड, आणि निरांजन. वॉल्टर खिडकीशी खुर्चीत बसला होता, शर्टाची वरपर्यंत बटणं लावून, बहीण येणार म्हणून. नर्सने निरांजन पाहिलं मात्र, धावत आली. तिथे ऑक्सिजनच्या टाक्या, काडी ओढायची नाही. आता ओवाळायचं कशाने? वॉल्टरने ड्रॉवरमधून टॉर्च काढला आणि ताटात मधोमध उभा करून पेटवला. "हे चालेल का तुमच्या देवाला?" मी म्हटलं, पळेल.

एडनाने त्याला ओवाळलं. टॉर्च दोनदा आडवा झाला. मग वॉल्टर माझ्याकडे बघून म्हणाला, आणि हिचं काय? हिचा भाऊ लांब आहे ना? — आणि त्याने मान पुढे केली. मी त्याला कुंकू लावलं. ते विरळ पांढरे केस, त्यात मी अक्षता टाकल्या. मी त्याला ओवाळलं, औक्ष मागितलं, मनापासून मागितलं. हे खोटं नाही.

भावाने ताटात काहीतरी घालायचं असतं, हे एडनाने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने खिशातून एक भिंग काढलं. पितळी कडीचं. तो पोस्टाची तिकिटं जमवायचा, त्यासाठीचं. ते त्याने ताटात ठेवलं आणि म्हणाला, तिकिटावरचं बारीक आता मला यानेही दिसत नाही, तू घे, तुला गाव शोधायला होईल. मग थोडा पुढे वाकला — त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून तो समोरच्याचे ओठ बघायचा. काही दिसतंय का जवळपास, असं त्याने विचारलं.

ओवाळणी माझ्या हातात होती. त्याच्या कपाळावर माझं कुंकू होतं. मी म्हटलं, अजून नाही.

एवढंच असतं ना, तर मी हे केव्हाच सांगितलं असतं. एकटी पोर, परका देश, चार शनिवार लांबवले. ऐकणाऱ्यानेच म्हटलं असतं, अगं, होतं असं. तुम्हीही म्हणाला असता. म्हणून तर इतका वेळ तेवढंच सांगत बसले. पण ते एवढंच नाही.

फेब्रुवारीत वॉल्टरला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात हलवलं. एडना दिवसभर तिथे, संध्याकाळी चेहरा पांढराफटक करून यायची. मी वरून वरणभात न्यायचे, तो ती न बघता खायची. आता सांगायचंच, हे त्या पहिल्या संध्याकाळीच मी ठरवलं. पण सांगायचं कसं? केव्हा सापडलं म्हणायचं? लायब्ररी आमची शनिवारची. रीळ अजून तिथेच होतं, मीच मुदत वाढवून घेतली होती. कशासाठी वाढवली होती, ते मला विचारू नका. मग मी असं ठरवलं की शनिवारी जायचं, ते रीळ पुन्हा एकदा बघू म्हणायचं, पान काढायचं आणि ओरडायचं — एडना, सापडलं! आणि तिथूनच हॉस्पिटलला फोन. म्हणजे सगळं सरळ दिसेल. कोणाला काही कळणार नाही.

बुधवारी एडना मला त्याला भेटायला घेऊन गेली. डॉक्टर आले, तिला बाहेर बोलावलं, आणि खोलीत मी आणि वॉल्टर. त्याला बोलायला दम नव्हता, पण त्याने मला ओळखलं. त्याने चादरीवरचा हात जरा उचलला आणि एक बोट हवेत गोल फिरवलं. मला आधी कळेना. मग कळलं. एडनाने त्याला त्या यंत्राचं सांगितलं होतं. मी दांडी कशी फिरवते ते. तो मला विचारत होता.

मी त्याच्या उशाशी उभी होते. इतकी जवळ की त्याच्या श्वासातली घरघर ऐकू येत होती. खोलीत दुसरं कोणी नाही. एक शब्द सांगायचा होता. वाकायचं आणि कानात सांगायचं, जरा मोठ्याने. उंटरलाउबाख. हौदवालं गाव, वॉल्टर, तुझं गाव. एवढं बोलायला किती वेळ लागतो?

मी नाही सांगितलं. का, ते ऐका. एडना आत आल्यावर तो तिला सांगेल म्हणून. आणि ती मला विचारेल, तुला हे केव्हा कळलं? — म्हणून. मरायला टेकलेला माणूस समोर होता, आणि मी कशाचा हिशेब करत होते, तर माझ्याबद्दल एडनाला काय वाटेल याचा.

मी त्याचं बोट माझ्या हातात धरलं आणि म्हटलं, "शनिवारी. या शनिवारी नक्की." तो माझे ओठ बघत होता. त्याला कळलं. तो हसला, आणि म्हणाला, "शनिवारी."

शुक्रवारी दुपारी तो गेला.

एडनाने मला जिन्यातूनच हाक मारली. मी खाली गेले, ती कोट घालून उभी होती, एका बाहीत हात आणि दुसरी लोंबकळत. मी तिला धरलं आणि मोठ्याने रडले. तिच्यापेक्षा जास्त रडले. ती माझी पाठ थोपटत राहिली. तेव्हा तरी सांगायचं होतं. बाई गं, तेव्हा तरी. पण माझं रडणं तिला प्रेमाचं वाटलं, आणि मी ते तसंच राहू दिलं.

नंतर शनिवार बंदच झाले. एडना म्हणाली, आता कशाला, ज्याला हवं होतं तो गेला. तिने दार मात्र लावून घेतलं नाही. उलट रोज संध्याकाळी हाक मारायची, मला एकटीला जेवण जात नाही, खाली ये, म्हणून. रोज! मी ज्याला इतकी भ्यायले होते, ते झालंच नाही. ती मला कधीच सोडणार नव्हती. गाव ऑक्टोबरात सांगितलं असतं तरीही.

एप्रिलमध्ये मीच तिला लायब्ररीत घेऊन गेले, गाडी मी चालवली. रीळ चढवलं, पान काढलं आणि ओरडले. ओरडायचं कसं ते तर ठरलेलंच होतं. एडनाने तोंडावर हात ठेवला. मग दोन्ही हात माझ्या गालांवर ठेवले. म्हणाली, तू सोडलं नाहीस, नॅली, मी सोडलं होतं. उन्हाळ्यात केलरांच्या सगळ्या गोतावळ्याची पिकनिक झाली, तिथे तिने मला उभं करून सगळ्यांना सांगितलं, ही पुण्याहून आली आणि हिने आपलं गाव शोधलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी मला पायचा दुसरा तुकडा वाढला. मी खाल्ला.

एडना त्या सप्टेंबरात चर्चच्या लोकांबरोबर जर्मनीला जाऊन आली. चर्चसमोर दगडी हौद आहे. अजून आहे. आता त्यात फुलझाडं लावतात. तिने काठावर बसून फोटो काढून घेतला, नव्या कपड्यांत. विमानातून उतरली तेव्हा दमून गेली होती, तरी म्हणाली, घरी नको, आधी वॉल्टरकडे.

भुरभुर पाऊस होता. मी दफनभूमीच्या फाटकाशी गाडी लावली, छत्री घेतली, आणि तिच्या शेजारी त्याच्यापाशी जाऊन उभी राहिले. तिने पर्समधून फोटो काढून दगडाला टेकवला. मग गावाचं नाव घेतलं, मोठ्याने, कारण त्याला कमी ऐकू यायचं. तिला ते नीट जमेना. तो शेवटचा ख तिच्या तोंडात क व्हायचा. दोनदा प्रयत्न केला, मग हसली, डोळे पुसले, आणि माझ्या हातातली छत्री स्वतःकडे घेतली.

"तू सांग ना त्याला," म्हणाली. "तुला नीट येतं."

मी वाकले आणि सांगितलं.